जाताना एकोणसाठ, येताना एकशे एकतीस

१

पूर्वेचा तळ आणि पश्चिमेचा तळ यांच्यामधले हवाई अंतर चारशे छप्पन्न किलोमीटर आहे. गुरुवार, अठरा फेब्रुवारी रोजी सहा आसनांच्या एका विमानाने ते जाताना एकोणसाठ मिनिटांत कापले. त्याच दिवशी, त्याच वाटेने, तोच वैमानिक तेच विमान परत घेऊन आला, तेव्हा त्याला एकशे एकतीस मिनिटे लागली. हवा दिवसभर पडलेली होती.

हे तिन्ही आकडे एका कागदावर टंकलेले होते आणि तो कागद शनिवारी सकाळी काटेबाईंच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडला. टाकणारी त्यांची मुलगी होती. वैमानिक तिचा नवरा होता.

काटेबाई हे आडनाव नव्हे. वजने आणि मापे तपासणाऱ्या खात्यात त्यांनी बत्तीस वर्षे काढली. बाजारातल्या प्रत्येक तराजूचा काटा त्यांनी डोळ्यांशी नेऊन पाहिला होता, म्हणून प्रामाणिक दुकानदार त्यांना काटेबाई म्हणत. पकडले गेलेले दुकानदारही काटेबाईच म्हणत, पण त्यांच्या मनातला काटा बाभळीचा असे. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातली सगळी मापे तपासली होती. त्यांतली दोन बाद ठरली.

"आई, मंगळवारी सकाळी व्यवस्थापक सही करणार. ह्यांच्याकडून ही फेरी काढून घेणार, आणि परवाना चौकशीसाठी वर पाठवणार. एकदा परवाना वर गेला की दोन वर्षं तरी खाली येत नाही."

"आरोप काय आहे?"

"येताना वाटेत कुठेतरी विमान उतरवतात म्हणे. छत्तीस मिनिटं कोणाकडे तरी जाऊन बसतात."

"कोणाकडे?"

"ते कागदात नाही." मुलगी हसली. "मी विचारलं ह्यांना. म्हणाले, घरी बोलायला सवड मिळत नाही, आकाशात दुसरं घर करून काय करू?"

काटेबाई हसल्या नाहीत. त्या कागद वाचत होत्या. "येताना नेहमीच्या पंचाण्णवावर छत्तीस मिनिटं जास्त, हे समजलं. पण जाताना छत्तीस मिनिटं कमी, त्याचं काय? वाटेत कुठे बसल्याने माणूस लवकर पोचतो का?"

"म्हणूनच तर तुझ्याकडे आले."

"मी सासू आहे. माझं कोण ऐकणार?"

"अगं, सासू जावयाच्या बाजूने खोटं बोलली, असं जगात कधी घडलंय? तुझ्याइतका निःपक्षपाती साक्षीदार मिळायचा नाही."

हा युक्तिवाद काटेबाईंना बिनतोड वाटला. त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या आणि चपला घातल्या.

२

व्यवस्थापकाची खोली हँगरच्या एका कोपऱ्यात, लाकडी फळ्या ठोकून केलेली होती. बाहेर हातोडा पडला की आतल्या टेबलावरची टाचणी थरथरे. व्यवस्थापक नीटनेटके, काळजीखोर गृहस्थ होते. दोन्ही तळांच्या नोंदवह्या पूर्वी दोन निराळ्या कपाटांत जात. गेल्या सप्टेंबरपासून त्या शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायची पद्धत त्यांनीच सुरू केली होती आणि त्यांना तिचा अभिमान होता.

"बाई, मला तुमच्या जावयाशी वैर नाही. पण इथून विमान कधी सुटलं हे माझा माणूस लिहितो. तिथे कधी उतरलं हे तिथला तळ सांभाळणारा मास्तर लिहितो. दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. आणि वैमानिकाची स्वतःची वही काय म्हणते? जाताना पंचाण्णव मिनिटं, येताना पंचाण्णव मिनिटं. रोज! दोन साक्षीदार एकीकडे, एक आरोपी दुसरीकडे. तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?"

"कोणावरच नाही," काटेबाई म्हणाल्या. "विमानाचा वेग किती?"

"ताशी दोनशे अठ्ठ्याऐंशी. फार ताणला तर तीनशे."

"मग चारशे छप्पन्न किलोमीटरला पंचाण्णव मिनिटंच लागायला हवीत. एकोणसाठ मिनिटांत पोचायचं तर वेग ताशी चारशे चौसष्ट होतो. त्या विमानाचे पंख जागेवर राहतील का?"

"पाठीमागून वारा असेल."

"ताशी एकशे शहात्तर किलोमीटरचा लागेल. त्याने तुमचं हे हँगर उडून जाईल. बरं, नाही उडालं असं धरू. तोच वारा परतताना समोरून येणार. दोनशे अठ्ठ्याऐंशीतून एकशे शहात्तर वजा करा, एकशे बारा उरले. मग परतायला चार तास चार मिनिटं लागायला हवीत. लागली किती? दोन तास अकरा मिनिटं. वारा निर्दोष आहे, साहेब. त्याला सोडून द्या."

व्यवस्थापकांनी तोच भागाकार कागदाच्या कडेला करून पाहिला. तो तसाच आला. त्यांनी तो खोडला.

दारात हात पुसत उभ्या असलेल्या मेकॅनिकला राहवले नाही. "मी कधीपासून सांगतोय. इंजिन चालू असेल तेवढाच वेळ मोजणारं मीटर आहे विमानात. जाऊन येऊन एकशे नव्वद मिनिटं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. इंधनही तेवढंच जळतं."

"तू त्याच्याबरोबर पत्ते खेळतोस," व्यवस्थापक म्हणाले.

"खेळतो, आणि हरतो. त्याची नोकरी गेली तर मला फायदाच आहे."

काटेबाईंनी सहा महिन्यांचा तक्ता पुढे ओढला. आठवड्याला दोन फेऱ्या, सोमवारी आणि गुरुवारी. त्यांनी बोट खाली खाली नेले. सप्टेंबरात जाण्याची मिनिटे पंचाहत्तर. मग ती वाढत गेली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकोणनव्वद. तिथून पुन्हा घसरण. जानेवारीत त्रेसष्ट, फेब्रुवारीत एकोणसाठ. येण्याची मिनिटे नेमकी उलटी. आणि जाण्यायेण्याची बेरीज, दोन-तीन मिनिटे इकडेतिकडे सोडली तर, प्रत्येक ओळीला एकशे नव्वद.

"पाहिलंत ना?" व्यवस्थापक विजयी स्वरात म्हणाले. "नोव्हेंबरात फक्त सहा मिनिटं मारत होते. मग भीड चेपली. महिन्यागणिक वाढत वाढत छत्तीस!"

"आणि सप्टेंबरात वीस मारून नोव्हेंबरात सहावर का आले? पश्चात्ताप झाला?" काटेबाईंनी चष्मा काढला. "तिथलं घड्याळ बरोबर आहे का, हे विचारलंत?"

"विचारलं की! मास्तरला फोन केला. 'घड्याळ बरोबर आहे का?' म्हटलं. म्हणाला, 'सेकंदाला सेकंद. दर सोमवारी स्वतः मिळवतो.' आणि बाई, घड्याळ बिघडलं तर ते रोज सारखं मागे पडेल, किंवा एकदाच चुकून तसंच राहील. वीस, मग सहा, मग छत्तीस, असं पुढेमागे डोलणारं घड्याळ तुम्ही कुठे पाहिलंय?"

बत्तीस वर्षांत पाहिले नव्हते. काटेबाईंनी ते मान्य केले.

"सोमवारच्या फेरीत मला एक जागा द्या."

"दोन जागा ठेवतो," व्यवस्थापक म्हणाले. "मीही येतो. सासूच्या एकटीच्या साक्षीवर मी आदेश फिरवला, असं उद्या कोणी म्हणायला नको."

३

सोमवारी निघण्यापूर्वी काटेबाईंनी आपले मनगटी घड्याळ रेडिओच्या वेळेशी लावून घेतले, तरीही त्याच्यावर विश्वास नको म्हणून खात्याच्या दिवसांतले थांबघड्याळ पर्समध्ये टाकले. चाके जमिनीवरून सुटली तेव्हा साडेदहा वाजले होते. त्यांनी खटका दाबला.

वैमानिक जावई उंच आणि मितभाषी होता. सासूबाई पाठीमागे बसलेल्या असताना तो आणखीच मितभाषी झाला.

"जावईबापू, वाटेत कुठे उतरायचं असेल तर संकोच करू नका," काटेबाई म्हणाल्या.

"नको, आई. आज साहेब बरोबर आहेत, त्यांच्यासमोर बरं दिसणार नाही."

व्यवस्थापकांनी हा कबुलीजबाब समजावा की विनोद, याचा विचार पुढची साठ किलोमीटर केला. मग त्यांनी खिशातला टंकलेला आदेश चाचपला आणि विचार करणे सोडले.

विमान सरळ गेले. कुठे वळले नाही, कुठे उतरले नाही, कुठे घाई केली नाही. खाली कोरड्या टेकड्या, एक तलाव, मग पुन्हा टेकड्या. पश्चिमेच्या तळाची एकुलती एक धावपट्टी पुढे दिसली, चाके टेकली, आणि काटेबाईंनी पुन्हा खटका दाबला. पंचाण्णव मिनिटे, अकरा सेकंद.

"बारा वाजून पाच मिनिटं," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "तुमचं घड्याळ?"

"बारा पाच." ते जरा नाराजीने म्हणाले. "आज शहाण्यासारखा आला. मी सोबत होतो ना!"

तळाची कचेरी म्हणजे दुमजली इमारत होती. खाली धाब्याएवढे कॅन्टीन, वर काचेची खोली, बाहेरून लोखंडी जिना. खोलीत रेडिओचे यंत्र, एक टेबल, एक नोंदवही, आणि टेबलामागच्या भिंतीवर ताटाएवढे विजेवरचे घड्याळ. गुळगुळीत दाढी केलेला, शर्टाचे वरचे बटणसुद्धा लावलेला मास्तर टेबलाशी बसून ठसठशीत अक्षरात लिहीत होता.

व्यवस्थापकांनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिले. मास्तरने लिहिले होते: अवतरण, अकरा वाजून एकोणतीस मिनिटे.

त्यांनी मान वर केली. भिंतीवरचे घड्याळही तेच म्हणत होते.

साडेदहा ते अकरा एकोणतीस. जाताना एकोणसाठ.

"छत्तीस मिनिटं मागे!" व्यवस्थापक ओरडले. "म्हणजे विमान नाही, घड्याळ!"

काटेबाईंनी सुटकेचा श्वास घ्यायला सुरुवात केली होती. तो अर्ध्यातच राहिला, कारण व्यवस्थापकांनी टेबलावरचे दुसरे रजिस्टर उघडले होते. या खोलीत बाहेरचा कोण आला आणि कधी, याची त्यात नोंद असे. पानामागून पान एकच सही होती. दर सोमवारी आणि दर गुरुवारी.

"आठवड्यातून दोनदा," ते सावकाश म्हणाले. "कधी सहा मिनिटं, कधी वीस, कधी छत्तीस. आपोआप डोलत नाही ते घड्याळ. कोणीतरी काटे फिरवतंय. आणि मास्तर सोडून इथे येणारा माणूस एकच आहे."

जावई नेमका त्याच वेळी जिना चढून सही करायला आत आला.

४

"मी?" जावयाने भिंतीकडे बहुधा पहिल्यांदाच पाहिले. "हे मागे आहे?"

"सहा महिने तुम्ही या खोलीत येताय आणि तुम्हाला घड्याळ दिसलं नाही?"

"साहेब, सहीला वाकलो की ते माझ्या डोक्यावर असतं. आणि माझ्या मनगटावर माझं घड्याळ आहे. दुसऱ्याच्या भिंतीकडे कशाला बघत बसू?"

उत्तर खरे होते. पण उत्तर खरे असणे आणि खरे वाटणे यांत फरक असतो, आणि व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत होता. त्यांनी जावयाला एका खुर्चीत बसवले आणि स्वतः घड्याळ आणि तो यांच्या मधोमध उभे राहिले.

काटेबाई मात्र मास्तरकडे पाहत होत्या. मास्तर दुखावला होता.

"माझं घड्याळ मागे? बाई, अकरा वर्षं मी हे दर सोमवारी मिळवतोय. सोमवार चुकलेला नाही. ताप होता तेव्हासुद्धा खुर्चीत बसून जिना उतरलो."

"मी आणि दोन हमालांनी उतरवलं," दारातून आवाज आला. मास्तरची बायको चहाचे पेले घेऊन वर आली होती. खालचे कॅन्टीन तिचे होते. "खुर्ची अजून डुगडुगते."

"कधी कोणी काटे फिरवल्याचा संशय आला?" काटेबाईंनी विचारले.

"छे! आला असता तर मिळवताना कळलं नसतं का? फार तर एक-दोन मिनिटं सरकवावं लागतं." मास्तर थोडा घुटमळला. "एक मात्र खरं. डिसेंबर-जानेवारीत हे पुढे पळतं. दर सोमवारी तीन-तीन मिनिटं मागे ओढावं लागतं. थंडीने यंत्र आखडतं."

"आखडलेलं यंत्र पुढे पळतं?"

"या तळावर सगळं उलटंच असतं, बाई," बायको म्हणाली. "रेडिओवरच्या बातम्यांचंच घ्या. सातच्या बातम्या, पण आजकाल सहा पंचविसालाच वाचून मोकळे होतात. नोव्हेंबरात बरे वेळेवर होते, सातला पाच-सहा मिनिटं कमी. आता काही ताळतंत्रच उरलं नाही. मी ह्यांना म्हटलं, एक पत्र टाका त्यांना."

"टाकलं की," मास्तर म्हणाला. "उत्तर आलं नाही."

व्यवस्थापकांनी डोक्याला हात लावला. काटेबाईंच्या हातातला चहाचा पेला मात्र ओठांपाशी पोचून थांबला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. फेब्रुवारीचा मध्य. या दोन तारखा त्यांनी पूर्वी कुठेतरी शेजारी शेजारी पाहिल्या होत्या. बाजारात नव्हे. फार पूर्वी, विद्यापीठात, एका तक्त्यात.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही घड्याळ मिळवता, ते कशाशी?"

मास्तरने भिंतीकडे पाहिले आणि तो ताडकन उठला. भिंतीवर बाराला तीन मिनिटे कमी होती.

"बोलण्याच्या नादात उशीर झाला असता! आज सोमवार. अगं, स्टुलावर चढ!"

५

बायको पेले टेबलावर ठेवून स्टुलावर चढली आणि तिने घड्याळाची काच उघडली. मास्तर जिना उतरून पळत सुटला. काटेबाई त्याच्या मागे निघाल्या. जाताना त्यांनी व्यवस्थापकांना बजावले, "जावयाला खुर्चीतून उठू देऊ नका. आणि काटे किती सरकतात ते डोळ्यांत तेल घालून पाहा."

इमारतीसमोर सिमेंटचा चौक होता. चौकाच्या दक्षिण टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीचा खांब उभा होता. पिशवी लोंबत होती. खांबाच्या बुंध्यापासून एक पांढरी रेघ उत्तरेला गेली होती, दोरी लावून मारावी तशी सरळ. खांबाची सावली त्या रेघेच्या अगदी डाव्या कडेला आली होती. मास्तर गुडघे टेकून बसला.

"धावपट्टी आखायला आलेल्या मोजणीदाराने ही रेघ मारली," तो सावलीवरची नजर न काढता म्हणाला. "अचूक उत्तर-दक्षिण. जाताना मला म्हणाला, 'सावली रेघेवर आली की दुपारचे बारा. घड्याळ फसवील, ही रेघ फसवणार नाही.' फार हुशार माणूस."

"रेडिओच्या वेळेशी कधी ताडून पाहिलं?"

"त्यांच्या बातम्या ऐकल्यात ना तुम्ही?"

सावली सरकली. रेघ आणि सावली एक झाली.

"आता!" मास्तर ओरडला.

"केलं!" वरून आवाज आला. "अकरा वर्षं ओरडताय, जरा हळू ओरडलात तरी ऐकू येतं!"

काटेबाईंनी मनगटाकडे पाहिले. बारा वाजून छत्तीस मिनिटे.

त्या जिना चढून वर आल्या तेव्हा व्यवस्थापक घड्याळासमोर तोंड उघडे टाकून उभे होते.

"काटे किती सरकले?" काटेबाईंनी विचारले.

"अर्धं मिनिटसुद्धा नाही."

"म्हणजे गेल्या सोमवारी मास्तरांनी लावलं होतं, तसंच ते होतं. मधल्या गुरुवारी जावई येऊन गेले. त्यांनी छत्तीस मिनिटं फिरवली असती, तर आज छत्तीस मिनिटं परत फिरवावी लागली असती. घड्याळाला कोणी हात लावलेला नाही. छत्तीस मिनिटांची चूक मिळवण्यातच आहे."

"चूक?" दम खात वर आलेला मास्तर उंबऱ्यातच थांबला. "मी सूर्याशी मिळवतो, बाई. सूर्य चुकला म्हणता?"

६

"सूर्य चुकला नाही आणि तुम्हीही चुकला नाहीत," काटेबाई म्हणाल्या. "मास्तर, इथे आत्ता खरोखर मध्यान्ह आहे. पण देशात इतर सगळीकडे बारा छत्तीस झालेत."

"मग देशाने आपलं पाहावं," मास्तर म्हणाला.

"पाहिलंय. म्हणून तर सगळ्यांनी एकच प्रमाणवेळ ठरवली. प्रत्येक गाव आपल्या सावलीवर घड्याळ लावू लागलं, तर दोन गावांमधला प्रवास किती वेळाचा हे कोणाला सांगताच येणार नाही. तुमच्याइतकं ते कोण जाणतं? ही वेळ ज्या रेखांशाची आहे, त्याच्या बऱ्याच पश्चिमेला तुम्ही आहात. सूर्य तिथून इथे पोचायला जास्त वेळ घेतो. ते झालं एक कारण."

"ते बारा महिने सारखंच असणार ना?" व्यवस्थापकांना आपला तक्ता आठवला. "मग हे सहा आणि छत्तीस कुठून आले?"

"दुसऱ्या कारणातून. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्याचा दिवस घड्याळाच्या दिवसाएवढा नेमका नसतो. कधी काही सेकंद मोठा, कधी लहान. ते सेकंद साठत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. डिसेंबर-जानेवारीत तो झपाट्याने मागे पडतो, म्हणून मास्तरांना त्यांचं घड्याळ पुढे पळाल्यासारखं वाटतं. यंत्र काही आखडत नाही."

व्यवस्थापकांनी बॅगेतून तक्ता काढून पुन्हा पाहिला. त्यांना पटत होते. पण त्यांच्या खिशात टंकलेला आदेश होता, आणि टंकलेल्या कागदाला आपले एक वजन असते.

"बाई, तुम्ही सासू आहात," ते अखेर म्हणाले. "हे तुमच्या तोंडून नको. कुठे छापलेलं असेल तर दाखवा."

काटेबाई जावयाकडे वळल्या. "वैमानिकांच्या पिशवीत सूर्य-ताऱ्यांच्या कोष्टकांचं पुस्तक असतं ना?"

"असतं. नियम आहे. उघडत कोणी नाही."

"आज उघडा. मी एक शब्द बोलणार नाही. साहेब त्यांचा तक्ता वाचतील. सोमवारी घड्याळ विमान आल्यानंतर मिळवतात, म्हणून फक्त गुरुवारच्या ओळी घ्यायच्या. तुम्ही आदल्या सोमवारचा सूर्य वाचायचा. या जागेच्या रेखांशाचा फरक किती, तेही नकाशावरून काढा."

जावयाने भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून रेखांश वाचला आणि प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला चार मिनिटे, असा पेन्सिलीने गुणाकार केला. "बावीस मिनिटं."

"दहा सप्टेंबर," व्यवस्थापक म्हणाले. "जाताना पंचाहत्तर. म्हणजे पंचाण्णवाला वीस कमी."

"सूर्य दोन मिनिटं पुढे. बावीस उणे दोन, वीस."

"पाच नोव्हेंबर. सहा कमी."

"सोळा पुढे. बावीस उणे सोळा, सहा."

"एकवीस जानेवारी. बत्तीस कमी." व्यवस्थापकांचा आवाज बदलला होता.

"दहा मागे. बावीस अधिक दहा, बत्तीस."

"अठरा फेब्रुवारी..."

"चौदा मागे," जावई म्हणाला. "छत्तीस."

व्यवस्थापकांनी उरलेल्या सगळ्या ओळी वाचून घेतल्या. ते काळजीखोर गृहस्थ होते. सर्वांत मोठा फरक एका मिनिटाचा निघाला, आणि तो ज्या गुरुवारचा होता, त्याच्या आदल्या सोमवारी ढग होते, असे मास्तरच्या बायकोने शपथेवर सांगितले. मग त्यांनी खिशातला आदेश काढला, त्याचे चार तुकडे केले आणि ते चहाच्या रिकाम्या पेल्यात टाकले.

"माझ्या पेल्यात कागद नको," बायको म्हणाली.

व्यवस्थापकांनी तुकडे पुन्हा खिशात घातले. जावयासमोर ते थोडे अवघडून उभे राहिले. "मी मास्तरला विचारलं होतं हो, घड्याळ बरोबर आहे का म्हणून."

"तिथेच घसरलात," काटेबाई म्हणाल्या. "तराजू बरोबर आहे का, असं दुकानदाराला विचारून कधी काही कळत नाही. किती वाजले, एवढं विचारलं असतंत तर फोनवरच उलगडा झाला असता."

"मग आता माझी रेघ पुसणार?" मास्तरने विचारले. त्याचे वरचे बटण अजून लावलेले होते, पण आवाज उतरला होता.

"पुसणार कशाला? अकरा वर्षं अर्ध्या मिनिटाच्या आत मध्यान्ह पकडलाय तुम्ही. माझ्या खात्यात इतका नेमका एकही तराजू नव्हता. साहेब दर सोमवारी सकाळी फोनवर प्रमाणवेळ सांगतील, भिंतीवर ती लावायची. रेघेवरची वेळ निराळ्या वहीत लिहा. ज्याला पाहिजे त्याला ताडून पाहता येईल."

"आणि सातच्या बातम्या?" बायकोने विचारले.

"त्या सातलाच लागतील."

"बघू," बायको म्हणाली. रेडिओवाल्यांवर तिचा विश्वास एका दिवसात बसण्यासारखा नव्हता.

परतीचे विमान दोन वाजता सुटायचे होते. कोणत्या दोन वाजता, हा प्रश्न मास्तरने नम्रपणे उपस्थित केला. सर्वांनी काटेबाईंच्या मनगटाकडे पाहिले. त्यांनी थांबघड्याळ जावयाच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "येताना तुम्हीच मोजा. मी जरा झोपते." पश्चिमेचा तळ ते पूर्वेचा तळ हे अंतर विमानाने पंचाण्णव मिनिटांत कापले. व्यवस्थापकांनीही मोजले होते. त्यांचेही तेवढेच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीसाठी त्यांच्यापुढे जो कागद आला, तो काटेबाईंनी लिहिलेला होता. वैमानिकाची फेरी त्याच्याकडेच राहील, असे व्यवस्थापकांनी कागदाच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली. खालचा मजकूर असा होता:

"अंतर चारशे छप्पन्न किलोमीटर. उड्डाणाचा काळ दोन्ही दिशांनी पंचाण्णव मिनिटे. विमान, वैमानिक, वारा व घड्याळाचे यंत्र यांपैकी कशातही दोष आढळला नाही. पूर्वेच्या तळावर वेळ देशाच्या प्रमाणवेळेनुसार नोंदली जाते. पश्चिमेच्या तळावरील घड्याळ दर सोमवारी खांबाच्या सावलीवरून स्थानिक सूर्याच्या मध्यान्हाशी लावले जात होते. त्यामुळे ते प्रमाणवेळेच्या मागे राही, आणि किती मागे राहील ते तारखेनुसार बदले. जाताना तेवढी मिनिटे कमी भरत व येताना तेवढीच जास्त. तफावतीचे कारण एवढेच आहे."